काचेत फुललेली फुले

काचेचा पेला, खिडकीची तावदाने, काचेच्या बांगड्या या वस्तू आपल्या नित्य परिचयाच्या आहेत. वाळू, सोडा आणि चुना एकत्र करून प्रखर भट्टीत वितळविले, की त्यापासून काच तयार होते. अशा या साध्या पदार्थात रानातील फुलांना, पानांना आणि चतुरांना कायमचे घर मिळवून देणारा एक थोर कलावंत फ्रान्स देशात होऊन गेला. त्याचे नाव एमील गाले.

एमीलचा जन्म ४ मे १८४६ रोजी पूर्व फ्रान्समधील लोरेन प्रांतात, नान्सी या शहरी झाला. त्याचे वडील शार्ल गाले हे काचसामानाचे व मातीच्या रंगीत भांड्यांचे व्यापारी होते. नाजूक, चकाकणाऱ्या वस्तू हाताळतच एमील लहानाचा मोठा झाला. परंतु त्याचे मन विशेष रमे ते रानावनात. नान्सी येथे गोद्रों नावाचे एक नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या सहवासात एमीलला वनस्पतींचा शास्त्रशुद्ध अभ्यास करण्याची गोडी लागली. फूल नुसते सुंदर आहे एवढ्यावर त्याचे समाधान होत नसे. त्याच्या पाकळ्यांची रचना कशी आहे, देठ कोठे वळतो, कळी कशी उमलते, हे सारे तो बारकाईने पाही. पुढे जर्मनीतील वायमार शहरी राहून त्याने शिक्षण घेतले आणि मेझेंथाल या गावच्या कारखान्यात काचकामाचे धडे गिरविले.

१८७० साली फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. गाले स्वेच्छेने सैन्यात दाखल झाला. या युद्धात फ्रान्सचा पराभव झाला आणि १८७१ च्या तहाने लोरेन प्रांताचा काही भाग जर्मनीकडे गेला. ज्या मेझेंथालमध्ये गाले काचकाम शिकला, ते गाव परक्या राज्यात गेले. नान्सी मात्र फ्रान्समध्येच राहिले. मातृभूमीच्या या खंडनाचे दुःख गालेच्या मनात अखेरपर्यंत सलत होते.

१८७७ साली वडिलांचा व्यवसाय त्याने आपल्या हाती घेतला. दुसऱ्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याने चांदण्यासारख्या फिकट निळ्या काचेची पात्रे मांडली. काचेच्या रसात कोबाल्ट या धातूच्या भस्माचा किंचित अंश मिसळून त्याने ही छटा साधली होती.

गालेची पात्रे कशी तयार होत, हे जाणण्यासारखे आहे. लोखंडी फुंकणीच्या टोकावर काचेचा तप्त गोळा घेत, त्यावर निरनिराळ्या रंगांच्या काचेचे थर चढवीत आणि फुंकून त्यास आकार देत. मग ते पात्र अगदी हळूहळू निववीत. कारण घाई केली तर काच तडकते. त्यानंतर जेवढी नक्षी राखावयाची तेवढ्यावर संरक्षक लेप देऊन पात्र तीव्र आम्लात बुडवीत. उघडा भाग विरघळून खालचा रंग वर येई आणि वरच्या थरात फुलांची नक्षी उठून दिसे. पुढील बारीक काम फिरत्या चाकावर कोरून केले जाई. भट्टीपुढील काम कुशल कारागीर करीत. परंतु आकृती, रंग आणि प्रयोग यांची योजना गालेची असे. काचेतील बुडबुडे आणि तडे यांना इतर लोक दोष मानीत; गालेने त्यांतून दव आणि धुके यांचा भास निर्माण केला. १८९८ साली त्याने एक नवी रीत सिद्ध केली. तप्त, मऊ पात्राच्या अंगात रंगीत काचेचे तुकडे दाबून बसवावयाचे, जणू काचेतील जडावकामच! मात्र दोन प्रकारच्या काचा निवताना सारख्या आकसल्या नाहीत, तर सारे श्रम क्षणात वाया जात.

१८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात गालेच्या काचकामास सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याची कीर्ती दूरवर पसरली आणि धनिक लोक त्याच्या वस्तू आवडीने संग्रही ठेवू लागले. अशा भरभराटीच्या काळातच त्याच्या कसोटीचा प्रसंग आला.

आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू सेनाधिकाऱ्यास १८९४ साली देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली जन्मठेप झाली होती. तो निर्दोष आहे असे म्हणणाऱ्यावर लोक तुटून पडत. नान्सी तर सरहद्दीवरचे शहर. तेथे सेनेविरुद्ध शब्द काढणे म्हणजे वैर ओढवून घेणे होते. ज्याचा व्यापार लोकांच्या मर्जीवर चालतो, त्याने गप्प बसणे सोयीचे होते. पण गाले गप्प बसला नाही. त्याने उघडपणे ड्रेफसची बाजू घेतली. अनेक परिचितांनी त्याच्याकडे पाठ फिरविली, गिऱ्हाइके तुटली; तरी तो डगमगला नाही. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात त्याने एक काळसर पात्र मांडले. खोटेपणा व द्वेष यांच्या काळ्या मानवी आकृती त्यावर होत्या. फुले रंगविणाऱ्या काचेतून त्याने अन्यायाचा निषेधही केला. त्याही प्रदर्शनात त्याला सर्वोच्च सन्मान लाभला.

१९०१ साली नान्सीतील कलावंतांची एक संस्था स्थापन झाली आणि गाले तिचा अध्यक्ष झाला. रोजच्या वापरातील वस्तूही सुंदर असाव्यात, असा या मंडळींचा आग्रह होता. परंतु रक्ताच्या असाध्य रोगाने गालेचे शरीर पोखरले होते. त्याही अवस्थेत, १९०४ साली, समुद्रशेवाळ आणि शिंपले यांनी वेढलेला मानवी हात त्याने काचेत साकारला. त्याच वर्षी २३ सप्टेंबर रोजी त्याचे निधन झाले. ड्रेफस निर्दोष असल्याचा निकाल १९०६ साली लागला. तो ऐकावयास गाले राहिला नव्हता.

गालेच्या मागे त्याच्या पत्नीने कारखाना चालविला. त्याच्या मृत्यूनंतर काही काळ पात्रांवरील त्याच्या नावाजवळ एक लहानशी चांदणी कोरीत असत. आजही संग्राहक पात्र हाती आले की ही खूण शोधतात, ते उजेडाकडे धरून त्यातील थर निरखतात. नान्सी व पॅरिस येथील संग्रहालयांत गालेची पात्रे जपून ठेवलेली आहेत. जी फुले गालेने लोरेनच्या रानात निरखून पाहिली, ती तेथे अजून टवटवीत दिसतात.