टीकाकार हरिभाऊ आपटे

मराठी कादंबरीच्या इतिहासात हरि नारायण आपटे यांचे स्थान निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या आरंभीच्या लेखनात टीकाही होती, ही बाब त्यांच्या लौकिकामागे झाकली गेली. त्यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांना चिपळूणकर, टिळक व आगरकर असे गुरू लाभले. चिपळूणकरांच्या निधनानंतर १८८२ साली त्यांनी 'शिष्यजनविलाप' हे शोककाव्य रचले.

पुढे आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे भाषांतर प्रसिद्ध केले. विद्यार्थिदशेतील हरिभाऊंनी 'निबंधचंद्रिका' मासिकात त्यावर ७२ पानांची टीका लिहिली. एका गुरूविषयीच्या भक्तीला काव्याची वाट मिळाली, तर दुसऱ्या गुरूची कृती त्यांनी चिकित्सेला घेतली. तथापि या चिकित्सेमुळे विचारांचे नाते तुटले नाही. स्त्रीजीवनाच्या प्रश्नावर ते आगरकरांच्याच सुधारणावादी परंपरेत राहिले.

गणितातील अपयशामुळे त्यांना पदवी मिळाली नाही. वाचन मात्र अखंड चालू राहिले. मोलिअर, ह्यूगो यांच्या नाटकांची रूपांतरे त्यांनी केली. १८८५ साली 'मधली स्थिती' ही कादंबरी 'पुणे वैभव' पत्रातून प्रसिद्ध होऊ लागली. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांच्या अद्भुतरम्य वळणाहून ही वाट वेगळी होती. १८९० साली त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढले. सामान्य कुटुंबाच्या हाती मनोरंजनाबरोबरच विचारप्रवर्तक वाचन द्यावे, हा त्यामागील हेतू होता. त्यातूनच 'पण लक्षात कोण घेतो!' ही यमूची आत्मकथनपर कादंबरी आली. बालपणापासून वैधव्य व केशवपनापर्यंतचे तिचे जीवन तिच्याच भाषेत उलगडते. निवेदकाचा उपदेश मध्ये येत नाही. परकृतीच्या परीक्षणात घडलेली दृष्टी येथे निर्मितीच्या संयमात परिणत झालेली दिसते.

आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था व पुणे नगरपालिकेतील कार्य सांभाळूनही त्यांचे वाङ्मयचिंतन थांबले नाही. 'विदग्ध वाङ्मय' हे व्याख्यान त्याची साक्ष देते. १९१२ साली अकोला येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

हरिभाऊंच्या अभ्यासकाने यमूची कथा व 'विकारविलसिता'वरील टीका ही दोन्ही एकत्र वाचणे अगत्याचे आहे. एकीशिवाय दुसरीचे मोल पूर्णपणे ध्यानात येत नाही.