जमिनीवरची साधना : सर्गेई कोरोल्योव्ह

अवकाशयुगाचा इतिहास शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना दोन तारखा आवर्जून सांगतो. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाचा स्पुटनिक हा जगातील पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला आणि १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन यांच्या रूपाने पहिला मानव पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. या दोन्ही पराक्रमांमागे एकच व्यक्ती उभी होती. मात्र ती हयात असेपर्यंत जगाला तिचे नावही ठाऊक नव्हते. सोव्हिएत वृत्तपत्रे तिचा उल्लेख केवळ मुख्य रचनाकार या पदनामाने करीत. ती व्यक्ती म्हणजे सर्गेई पावलोविच कोरोल्योव्ह.

कोरोल्योव्ह यांचा जन्म १२ जानेवारी १९०७ रोजी युक्रेनमधील झितोमीर येथे झाला. आईवडील लवकरच विभक्त झाल्याने त्यांचे बालपण आजोळी गेले. पुढे ओडेसा येथील बांधकाम व्यवसाय शाळेत त्यांनी गिलावा करण्याचे व कौले बसविण्याचे काम शिकून घेतले. जगातील पहिल्या अवकाशयानाच्या निर्मात्याच्या हाती प्रथम थापी होती, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. कीव्ह आणि मॉस्को येथील उच्च तांत्रिक शिक्षणानंतर ते अग्निबाणाच्या संशोधनाकडे वळले. १९३३ साली त्यांच्या गटाने द्रव ऑक्सिजनवर चालणारा एक छोटा अग्निबाण यशस्वीपणे उडविला.

परंतु १९३८ च्या जून महिन्यात घातपाताच्या खोट्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. चौकशीत मारहाण झाली, दहा वर्षांची शिक्षा झाली आणि सैबेरियाच्या पूर्व टोकाला कोलिमा येथील सोन्याच्या खाणीत त्यांची रवानगी झाली. तेथील थंडी, उपासमार आणि स्कर्व्ही यांनी त्यांचे शरीर खचले, अनेक दात पडले. पुढे कैदी अभियंत्यांच्या रचनागृहात त्यांना कामाला जुंपण्यात आले आणि १९४४ साली त्यांची सुटका झाली. त्यांच्यावरील कलंक अधिकृतपणे पुसला गेला तो १९५७ साली, म्हणजे ज्या वर्षी स्पुटनिक उडाले त्याच वर्षी.

कोरोल्योव्ह यांचे खरे मोठेपण आम्हाला दिसते ते उड्डाणापूर्वीच्या तयारीत. कझाखस्तानच्या माळरानावरील त्युराताम येथे, आज जे स्थळ बायकोनूर म्हणून ओळखले जाते तेथे, जुळणी आणि तपासणीसाठी एक भव्य इमारत उभारण्यात आली होती. तेथे अग्निबाण आडवा ठेवून त्याचे भाग जोडले जात, प्रत्येक यंत्रणा तपासली जाई आणि मग तो रुळांवरून आडवाच प्रक्षेपणमंचाकडे नेऊन उभा केला जाई.

या कामात लहान चूक किती महाग पडते, याचा धडा १९५७ च्या उन्हाळ्यानेच दिला. मे महिन्यात आर-७ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण इंधनगळतीमुळे फसले. जूनमधला दुसरा अग्निबाण तर मंचावरून हललाच नाही. शोध घेता त्यातील नायट्रोजनची एक झडप जोडणीच्या वेळी उलटी बसविली गेल्याचे आढळले. जुलैमध्ये विद्युतयंत्रणेतील दोषाने तिसरा अग्निबाण गेला. २१ ऑगस्टला मात्र यश आले.

स्पुटनिक म्हणजे ५८ सेंटिमीटर व्यासाचा आणि ८३.६ किलो वजनाचा गोल. दोन अर्धगोल ३६ बोल्टांनी जोडून आत नायट्रोजन भरलेला होता. तो गळत तर नाही ना, हे तपासणे अत्यावश्यक होते. बाहेरचा पत्रा आरशासारखा घासला होता. त्यामागे हौस नव्हती. सूर्याची उष्णता परावर्तित होऊन आतील यंत्रे तापू नयेत, हा त्याचा हेतू. म्हणूनच कोरोल्योव्ह यांनी कामगारांना पांढरे हातमोजे घालायला लावले, अशी आठवण त्यांचे सहकारी नोंदवतात.

घाईचे फळ काय असते, हे त्याच त्युरातामने २४ ऑक्टोबर १९६० रोजी पाहिले. दुसऱ्या रचनागृहाचा एक लष्करी अग्निबाण इंधन भरलेल्या अवस्थेत मंचावर दुरुस्त केला जात असताना अकस्मात पेटला. मार्शल नेदेलिन यांच्यासह अनेक तंत्रज्ञ आणि सैनिक भस्मसात झाले. ही वार्ता अनेक वर्षे दडपली गेली.

पुढील वर्षी माणूस पाठविण्याची वेळ आली तेव्हा कोरोल्योव्ह यांनी आधी दोन सलग निर्दोष उड्डाणांची अट ठेवली. मार्च १९६१ मध्ये मानवाकृती पुतळा आणि एकेक कुत्रे घेऊन गेलेली दोन याने सुखरूप उतरली. तरीही १२ एप्रिलच्या सकाळी गागारिन आत बसल्यावर झाकण नीट लागल्याचा संकेत मिळेना. झाकणाचे तीसेक नट पुन्हा काढून, संपर्कबिंदू ठीक करून आणि सर्व नट पुन्हा आवळून तंत्रज्ञांनी गळतीची तपासणी नव्याने केली. उड्डाण ठरल्या वेळी, मॉस्कोच्या घड्याळात ९ वाजून ७ मिनिटांनी झाले.

१४ जानेवारी १९६६ रोजी शस्त्रक्रियेदरम्यान कोरोल्योव्ह यांचे निधन झाले. तुरुंगात जबड्याला झालेल्या इजेमुळे श्वासनलिका घालणे डॉक्टरांना कठीण गेले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. दोन दिवसांनी मृत्युवार्तेसोबत त्यांचे नाव प्रथमच देशाला कळले आणि त्यांच्या अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत सन्मानाने ठेवल्या गेल्या.

इतिहास बहुधा शिखरावर पोहोचलेल्याचे नाव लिहितो. पायथ्याशी दोर घट्ट बांधणाऱ्याला विसरतो. कोरोल्योव्ह यांचे नाव अखेर प्रकाशात आले, पण ज्यांनी हातमोजे घालून तो गोल उचलला, त्यांपैकी बहुतेकांची नावे आम्हाला पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत. आमच्या शाळेतील काही मुले उद्या तंत्रनिकेतनात जातील, काही कारखान्यात पाना हाती घेतील. त्या मुलांना आमचे इतकेच सांगणे आहे : झडप उलटी बसविणारा हातही निनावी होता आणि झाकणाचे नट पुन्हा काढून तपासणारा हातही जगाला अनोळखीच होता. कुणी पाहत नसताना आपला हात यांपैकी कोणता व्हावा, हे ठरविणे सर्वस्वी आपल्याच हाती असते.