हरवलेला आवाज

गवयाचा आवाजच गेला तर त्याने काय करावे? पुढे आपल्या कोल्हापूरच्या दरबारात गाजलेल्या एका गवयावर तरुणपणीच ही वेळ आली होती. त्यांचे नाव उस्ताद अल्लादिया खाँ.

खाँसाहेबांचा जन्म १८५५ साली राजस्थानातील उनियारा येथे झाला. घरात पिढ्यान्‌पिढ्या गाणे होते. वडील लवकर वारले, तेव्हा चुलते जहांगीर खाँ यांनी त्यांना ध्रुपद व ख्याल शिकवला. हळूहळू नाव झाले, दरबारांतून बोलावणी येऊ लागली.

आमलेट्याच्या दरबारात मात्र त्यांना रोज तासन्‌तास गावे लागले. त्या ताणाने आवाज बसला. महिने लोटले, तरी तो सुटेना. पुढे गळा मोकळा झाला, पण पूर्वीचा गोडवा परत आला नाही. आवाज जड झाला होता. ज्याची रोजीरोटीच गळ्यावर, त्याच्या मनाची तेव्हा काय अवस्था झाली असेल, याचा तुम्हीच विचार करा.

आता नीट लक्ष द्या. खाँसाहेबांनी गेलेल्या आवाजाची वाट पाहणे सोडले. उरलेल्या आवाजाला काय झेपते, हे ते रियाजातून शोधू लागले. नुसत्या गोडव्यावर भागणार नव्हते. म्हणून त्यांनी लांब दमाने, आकारात, लयीला घट्ट धरून स्वर गुंफले. तान सरळ न धावता वळणे घेत जाऊ लागली. हीच पुढे जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी ठरली. ती पहिल्याच ऐकण्यात उमगत नाही, हे खरे!

१८९५ च्या सुमारास ते शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि १९२२ साली महाराजांचे निधन होईपर्यंत कोल्हापुरात राहिले. नंतर ते मुंबईला गेले. भास्करबुवा बखले, मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर असे नामवंत शिष्य त्यांना लाभले.

१९३७ साली आणखी एक आघात झाला. मधला मुलगा मंजी खाँ ऐन उमेदीत वारला. मुलगाही गेला आणि घराण्याचा गवयीही! खाँसाहेबांनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती. पण घराण्याची तालीम थांबली नाही. मंजी खाँचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर पुढे धाकटे बंधू भुर्जी खाँ यांच्याकडे शिकले.

१६ मार्च १९४६ रोजी खाँसाहेबांचे मुंबईत निधन झाले. त्यांचे गाणे आज आपल्याला शिष्यांच्या गळ्यातूनच ऐकावे लागते. त्यांपैकी केसरबाईंची भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली.