सावित्रीमाईंचा यशवंत



सावित्रीमाई फुले यांची तसबीर आता आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी तथागत आणि बाबासाहेब यांच्या शेजारी लागली आहे. मुलींची शाळा कोणी काढली असे विचारले, तर चौथीतले पोरही उत्तर देते. पण सावित्रीमाईंना मूल होते काय, असे विचारून पाहा. मोठी माणसेही घुटमळतात. म्हणून माईंच्या आयुष्याची ही बाजू मी आज तुमच्यासमोर ठेवीत आहे.

सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी त्यांचा जन्म झाला. १८४० साली जोतीरावांशी विवाह झाला, १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यातील शाळा सुरू झाली. शेणमाती अंगावर घेऊन शिकविणाऱ्या या बाईची ती हकिकत तुम्ही अनेकदा ऐकली आहे, ती येथे पुन्हा सांगत नाही. या जोडप्याला मूल झाले नाही. त्या काळी बाईला मूल झाले नाही की नवऱ्याने दुसरी बायको करावी, ही रीतच होती. नातेवाईकांनी जोतीरावांना तसा आग्रह केला. त्यांनी तो साफ नाकारला.

पुण्यात त्या वेळी काय चालले होते ते ध्यानात घ्या. उच्चवर्णीय घरांत आठ-दहा वर्षांच्या मुली विधवा होत. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, पण कायदा कागदावर राहिला आणि केशवपन चालूच राहिले. अशा एखादीला घरातल्याच कोणा पुरुषापासून दिवस गेले, तर पुरुषाला कोणी विचारीत नसे. बाईने जीव द्यावा, नाहीतर मुलाचा जीव घ्यावा. जोतीरावांच्या ओळखीच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या एका विधवेने असेच आपले मूल मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फुले दांपत्याने १८६३ साली आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी येथे यावे, गुपचूप व सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, ही त्यांची मर्जी, अशा अर्थाच्या जाहिराती त्यांनी गावात लावल्या. १८८४ सालापर्यंत पस्तीस विधवा तेथे आल्या. बाळंतपणे सावित्रीमाई स्वतः करीत.

वाचकहो, त्या जाहिरातीतील दोन गोष्टींकडे लक्ष द्या. एक, बाईचे नाव बाहेर फुटणार नाही. दोन, मूल ठेवायचे की द्यायचे, हे तिचे तिने ठरवायचे. ज्या समाजाने तिला कशातच विचारले नव्हते, त्यात एका माळ्याच्या घरी तिला हा प्रश्न प्रथमच विचारला गेला. बालहत्या थांबविण्याइतकेच मोठे काम मी यास मानतो.

१८७४ च्या सुमारास अशीच एक ब्राह्मण विधवा तेथे आली. इतिहासाने तिचे नाव काशीबाई असे नोंदविले आहे. तिला मुलगा झाला. त्याची नाळ माईंनी कापली आणि पुढे त्यालाच मांडीवर घेतले. तोच यशवंत.

पण मांडीवर घेणे वेगळे आणि कायद्याने मुलगा होणे वेगळे. त्या काळचे हिंदू धर्मशास्त्र न्यायालयातही चालत असे. त्याप्रमाणे दत्तक घ्यायचा तो मुलगाच, मुलगी नव्हे. तो आपल्याच जातीचा असावा. आईने किंवा बापाने तो स्वहस्ते द्यावा. उद्देश मुलाचे कल्याण हा नसून, मेल्यावर पिंड देणारा कोणीतरी हवा हा होता. या मापाने यशवंत कुठे बसणार? माळी घरात ब्राह्मणीचा मुलगा, बापाचा पत्ता नाही. भाऊबंदांनी कोर्टात बोट दाखविले असते, तर त्याचे दत्तकपण टिकणे अवघड होते.

जोतीरावांना हे पुरते ठाऊक असावे. १८८७ च्या जुलै महिन्यात त्यांनी मृत्युपत्र करून ते सरकारदरबारी नोंदविले. आपल्या मिळकतीचे हक्क सावित्रीमाई आणि यशवंत यांना दिले. भाऊबंदांचा त्यावर काही हक्क नाही, हेही लिहून ठेवले. धर्मशास्त्र जे देत नव्हते, ते त्यांनी इंग्रजी राज्यातील नोंदणीच्या कागदाने मिळविले. मात्र यशवंत नालायक निघाला तर माईंनी दुसरा लायक मुलगा निवडावा, अशीही तरतूद त्यात आहे. समाजकार्याच्या काळजीने त्यांनी ती केली हे उघड आहे. तरी मला ती खटकते. पोटच्या पोराला अशी अट कोणी घालीत नाही.

यशवंताच्या लग्नाची वेळ आली तेव्हा विधवेच्या मुलाला मुलगी द्यायला कोणी पुढे येईना. अखेर सत्यशोधक कार्यकर्ते ग्यानोबा ससाणे यांनी आपली मुलगी राधा दिली. माईंनी तिला लग्नाआधीच घरी आणून ठेवले, म्हणजे दोघांना एकमेकांचा स्वभाव कळेल. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी हा विवाह सत्यशोधक पद्धतीने झाला.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेपुढे टिटवे धरायचे कोणी, यावर तंटा उभा राहिला. टिटवे धरणारा तो वारस, अशी समजूत. दत्तकाचा हक्क नाही, म्हणून पुतण्ये आडवे आले. सोळा-सतरा वर्षांचा यशवंत बापाच्या प्रेतापुढे उभा, आणि त्याच्या जन्मावर गावात चर्चा! सावित्रीमाई पुढे झाल्या आणि टिटवे त्यांनी स्वतः हाती घेतले.

आता थोडे आपल्या घराकडे पाहा. आपल्यातही बहिणीचा किंवा भावाचा मुलगा आणून वाढवितात. शाळेच्या रजिस्टरात मामाचे नाव बापाच्या जागी घालतात आणि दत्तक झाले असे समजतात. तसे ते होत नाही. मामा मिटला की भाऊबंद उभे राहतात, तेव्हा शाळेचा दाखला पुरत नाही.

बाबासाहेबांनी कायदेमंत्री असताना हिंदू कोड बिलात दत्तकाचा भाग मांडला होता. त्यात दत्तक घेताना पत्नीची संमती आवश्यक केली होती. बिल रखडविले गेले आणि १९५१ च्या सप्टेंबरात त्यांनी राजीनामा दिला. पुढे त्याचे तुकडे करून कायदे झाले. दत्तक व पोटगीचा कायदा २१ डिसेंबर १९५६ रोजी आला, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर पंधराव्या दिवशी. नाव हिंदू असले तरी तो बौद्धांनाही लागू आहे. त्यात जातीची अट नाही, मुलगीही दत्तक घेता येते. दत्तहोम लागत नाही, म्हणजे आपल्याला भटजी बोलावण्याचे कारण नाही. मूल प्रत्यक्ष देणे आणि घेणे मात्र झाले पाहिजे. मूल सामान्यतः पंधरा वर्षांच्या आतील हवे. घरात मुलगा असेल तर दुसरा मुलगा घेता येत नाही, मुलीचेही तसेच. देण्याघेण्यात पैसा आला तर तो गुन्हा. देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सह्यांचे दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, म्हणजे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत न्यायालय ते दत्तक खरे धरून चालते. एकदा रीतसर झालेले दत्तक आईबापांना मोडता येत नाही.  २०१० पासून विवाहित स्त्रीलाही पतीच्या संमतीने स्वतः दत्तक घेता येते.

नात्याबाहेरचे, संस्थेतले मूल घ्यायचे असेल तर २०१५ चा बालन्याय कायदा आहे. तो सर्व धर्मांना खुला आहे. त्यात काशीबाईसारख्या आईचाही विचार आहे. ती बालकल्याण समितीपुढे मूल सोपवू शकते, आणि फेरविचाराला तिला दोन महिने मिळतात. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर आपल्या जन्माची माहिती मागू शकते. आईने नाव गुप्त ठेवण्यास सांगितले असेल, तर तिची संमती घेतल्याशिवाय ते सांगत नाहीत. मुलाला मूळ जाणण्याची ओढ आणि आईला झाकून राहण्याचा हक्क, दोन्ही खरे आहेत. त्यांचा मेळ दरवेळी बसेलच असे नाही.

यशवंत डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा माईंनी त्याला बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात दवाखाना उघडविला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एक पोर प्लेगने पडल्याचे कळताच सहासष्ट वर्षांच्या माईंनी त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आणले. पोर वाचले. माईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. यशवंत १९०५ साली वारला.