बेडकाचं हृदय आणि रात्रीचे तीन

रात्री तीन वाजता आपण जागे असतो ते दोनच कारणांनी, सबमिशन नाहीतर व्हायवा. ऑटो लोवी मात्र तीनला उठला, थेट लॅबमध्ये गेला आणि चक्क बेडूक कापायला बसला!

लोवी १८७३ साली जर्मनीत फ्रँकफर्टला जन्मला. वडील वाइनचे व्यापारी. पोराला शिकायचा होता कलेचा इतिहास, पण घरच्यांनी मेडिकलला घातलं. (ओळखीचं वाटतंय ना?) डॉक्टर झाल्यावर हॉस्पिटलमध्ये क्षयाचे आणि न्यूमोनियाचे पेशंट डोळ्यांसमोर जाताना बघितले, हातात औषध काहीच नाही. मग प्रॅक्टिस सोडून तो संशोधनात शिरला. १९०९ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठात फार्माकॉलॉजीचा प्रोफेसर झाला.

तेव्हा मोठा वाद चालू होता. मज्जातंतूचा निरोप पुढे जातो कसा? बहुतेकांचं मत, विजेनेच. आम्हा इलेक्ट्रिकलवाल्यांना हे ऐकायला बरं वाटतं! पण एकच वीज हृदयाचे ठोके कधी वाढवते, कधी कमी करते, हे कसं काय? लोवीला १९०३ पासूनच वाटत होतं की यात एखादं रसायन असावं. पण सिद्ध कसं करायचं ते सुचेना.

ते सुचलं स्वप्नात. ईस्टरच्या आदल्या रात्री तो दचकून उठला, कागदाच्या चिठोऱ्यावर काहीतरी खरडलं आणि झोपला. सकाळी बघतो तर स्वतःचंच अक्षर वाचता येईना! तो रविवार त्याने कसा काढला असेल, कल्पना करा. पण दुसऱ्या रात्री तीनला तीच कल्पना परत आली. ह्या वेळी कागद-बिगद काही नाही, सरळ लॅब.

प्रयोग अगदी साधा. बेडकांची दोन हृदयं मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवली. पहिल्याची व्हेगस नस विजेने चेतवली, ठोके मंदावले. मग तिथलं द्रावण उचलून दुसऱ्या हृदयात घातलं. त्याला नस जोडलेलीच नव्हती, तरी तेही मंदावलं! म्हणजे निरोप द्रावणातून आला होता. हे १९२१ मध्ये छापून आलं, तरी पुष्कळांना पटेना. १९२६ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत त्याने एकाच हृदयावर तब्बल १८ वेळा करून दाखवलं.

ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. शरीरातलं एक एन्झाइम ते लगेच तोडतं आणि एसेरीन हे औषध त्या एन्झाइमला अडवतं, हेही लोवीच्याच लॅबमध्ये सापडलं. अल्झायमरवर आज देतात ते डोनेपेझिल ह्याच तत्त्वावर चालतं.

१९३६ ला हेन्री डेलबरोबर नोबेल मिळालं. दोनच वर्षांनी, मार्च १९३८ मध्ये, नाझी ऑस्ट्रियात घुसले आणि ६४ वर्षांच्या लोवीला रात्री घरातून उचललं. गुन्हा एकच, तो ज्यू होता. दोन मुलंही तुरुंगात. आपल्याला मारणार अशी खात्री झालेल्या ह्या माणसाने पहारेकऱ्याला मस्का मारून एक पोस्टकार्ड मिळवलं आणि शेवटच्या प्रयोगाचा निष्कर्ष एका जर्मन नियतकालिकाला पाठवला. मला स्वप्नापेक्षा हे पोस्टकार्डच जास्त लक्षात राहिलंय.

त्याला सोडलं, पण नोबेलची सगळी रक्कम नाझींच्या बँकेत भरायला लावून. ब्रसेल्स, ऑक्सफर्ड असं करत १९४० मध्ये तो न्यूयॉर्कला पोचला आणि तिथल्या विद्यापीठात शिकवू लागला. बायकोला मात्र ऑस्ट्रियातून सुटायला आणखी वर्ष लागलं. १९६१ च्या ख्रिसमसला, ८८ व्या वर्षी, तो न्यूयॉर्कमध्येच वारला.