विश्लेषण : अमरनाथ ते केदारनाथ... भगिनी निवेदितांच्या हिमालयातील यात्रा का महत्त्वाच्या?

ऑनलाइन नोंदणी, हेलिकॉप्टर आणि गाभाऱ्यासमोर मिळणारे काही क्षण. अमरनाथ किंवा केदारनाथहून परतलेल्या अनेकांना एक प्रश्न सतावतो : एवढ्या लांब जाऊन आलो, पण मनाला काही जाणवलेच नाही, तर यात्रा घडली असे म्हणायचे का? सव्वाशे वर्षांपूर्वी हाच सल घेऊन भगिनी निवेदिता अमरनाथच्या गुहेतून बाहेर पडल्या होत्या.

निवेदिता मूळच्या कोण?

मार्गारेट नोबल हे त्यांचे मूळ नाव. जन्म २८ ऑक्टोबर १८६७ चा, आयर्लंडमधील डंगॅनन गावचा. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. मार्गारेट लहान असतानाच ते वारले. पुढे त्या शिक्षिका झाल्या आणि लंडनजवळ त्यांनी स्वतःची शाळा काढली. १८९५ मध्ये लंडनमध्ये स्वामी विवेकानंदांची भेट झाली. जानेवारी १८९८ मध्ये त्या कोलकात्यात उतरल्या. दोनच महिन्यांत दीक्षा मिळाली आणि ‘निवेदिता’ हे नावही.

अमरनाथला नेमके काय घडले?

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्या विवेकानंदांबरोबर अल्मोडा आणि काश्मीरला गेल्या. अमरनाथला जायचे ठरले तेव्हा सोबतच्या पाश्चात्त्य शिष्यांपैकी पुढच्या चढणीसाठी स्वामीजींनी फक्त निवेदितांना बरोबर घेतले. वाटेतल्या एका मुक्कामी साधूंनी परदेशी मंडळींचे तंबू आपल्यामध्ये नकोत, असा आक्षेप घेतला. एका नागा साधूने समजूत घातल्यावर स्वामीजींनी तंबू हलवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी निवेदितांना छावणीतून फिरवले, साधूंचे आशीर्वाद घेववले. मग विरोध मावळला.

२ ऑगस्ट १८९८ रोजी ते गुहेत पोहोचले. विवेकानंद थंडगार प्रवाहात स्नान करून, अंगावर केवळ लंगोटी ठेवून आत गेले. हिमलिंगासमोर ते पार भारावून गेले. या यात्रेचा ताण त्यांच्या हृदयाला कायमचा भोवला, असे नंतर डॉक्टरांनी सांगितले.

निवेदितांना मात्र तसे काहीच जाणवले नाही. गुरूला मिळाले ते आपल्याला का नाही, याचे त्यांना फार वाईट वाटले आणि ते त्यांनी बोलूनही दाखवले. त्यावर स्वामीजींनी समजावले, की आज कळले नाही तरी यात्रा तर घडली आहे. तिचे फळ पुढे मिळत राहील.

मधल्या बारा वर्षांत काय झाले?

नोव्हेंबर १८९८ मध्ये कोलकात्याच्या बागबाजारात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. १८९९ च्या प्लेगमध्ये त्या हाती झाडू घेऊन गल्ल्या साफ करायला उतरल्या. ४ जुलै १९०२ रोजी विवेकानंद गेले. त्यानंतर निवेदिता राष्ट्रीय चळवळीत ओढल्या गेल्या आणि रामकृष्ण संघाला राजकारणाची झळ लागू नये म्हणून संघापासून औपचारिकरीत्या वेगळ्या झाल्या. भारतीय कलेसाठीही त्या झटल्या. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करायला नंदलाल बोस यांच्यासारखे तरुण चित्रकार महाराष्ट्रात आले, त्यामागे निवेदितांचाच आग्रह होता.

केदार-बद्रीची वाट तेव्हा कशी होती?

१९१० च्या उन्हाळ्यात शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस आणि त्यांच्या पत्नी अबला यांच्याबरोबर निवेदिता उत्तराखंडच्या यात्रेला निघाल्या. तेव्हा पहाडात मोटाररस्ता नव्हता. देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग, गुप्तकाशी, गौरीकुंड अशी नदीकाठची पायवाट. यात्रेकरूंचे मुक्काम ‘चट्टी’वर, म्हणजे वाटेवरच्या साध्या पडवीवजा निवाऱ्यात. डाळ-तांदूळ तिथेच विकत घ्यायचा आणि रांधून खायचा. चालवत नसेल त्याने दांडीत किंवा कंडीत बसायचे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५८० मीटरवरच्या केदारनाथला जायला-यायला आठवडे लागत.

तीर्थांकडे त्यांनी कसे पाहिले?

या वेळी त्या गुरूच्या अनुभवाशी तुलना करत नव्हत्या. प्रवासाची डायरी त्यांनी लिहिली, ती पुढे पुस्तकरूपाने आली. तिच्यात चमत्कार कमी आणि निरीक्षण जास्त आहे. देवळांच्या शिखरांची घडण, पायरीशी पडलेल्या भग्न मूर्ती, कुठे देवी जुनी, कुठे शिव, कुठे विष्णू, यावरून त्या त्या जागेचा इतिहास त्यांनी उलगडायचा प्रयत्न केला. त्यांच्या लेखी ही वाट म्हणजे डोंगरावर उलगडलेली पोथीच होती. वाटेवरचे साधे यात्रेकरूही त्यांच्या नजरेतून सुटले नाहीत. प्रांताप्रांतांतली माणसे एकाच वाटेने चालताना पाहून देश एक कसा होतो, हे त्यांना उमगत गेले.

शेवट कुठे झाला?

पुढच्याच वर्षी त्या हवापालटासाठी बोस कुटुंबाबरोबर दार्जिलिंगला गेल्या. तिथे अतिसाराने त्यांना गाठले. १३ ऑक्टोबर १९११ रोजी, चव्वेचाळीसाव्या वाढदिवसाला पंधरा दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले. हिमालयाच्या कुशीतच हिंदू पद्धतीने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. कधीकाळी जिच्या तंबूला साधूंच्या छावणीत जागा नव्हती, तिची समाधी आज त्याच पहाडात आहे.

दर्शनाच्या वेळी मन कोरडे राहिले म्हणून यात्रा वाया जात नाही, हे निवेदितांच्या बाबतीत खरे ठरले. फक्त ते कळायला त्यांना बारा वर्षे आणि आणखी एक डोंगर चढावा लागला.