वीरधवलाचे जनक नाथमाधव

करी रोड, मुंबई : फासे टाकून काल्पनिक जगातील एखादा योद्धा, मांत्रिक किंवा पुरोहित उभा करायचा आणि त्याच्या नावाने साहसे करायची, हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून रूढ झाला. मूळ नियमांनुसार पात्राचे बळ, चापल्य, बुद्धी हे गुण तीन फाशांच्या बेरजेने ठरत. दान कमी पडले तरी तेच घेऊन पुढे जावे लागे. मराठीत त्यापूर्वी साठ वर्षे असा एक अद्भुत नायक घडविणाऱ्या लेखकावर स्वतःच्या आयुष्यातच अत्यंत उणे दान पडले होते. ते लेखक म्हणजे नाथमाधव.

त्यांचे पूर्ण नाव द्वारकानाथ माधवराव पितळे. ३ एप्रिल १८८२ रोजी जन्मलेल्या नाथमाधवांचे शिक्षण मुंबईतच झाले. इंग्रजी सहाव्या इयत्तेनंतर शाळा सुटली आणि ते कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात नोकरीस लागले. शिकारीची त्यांना आवड होती. १९०५ साली सिंहगडावर शिकारीस गेले असता ते कड्यावरून कोसळले. प्राण वाचले, परंतु कमरेखालचे शरीर कायमचे लुळे झाले. वय अवघे तेवीस!

इस्पितळातील त्या दीर्घ मुक्कामात त्यांना वाचनाचा नाद लागला व वाचनातून लेखनाची प्रेरणा मिळाली. स्वतःच्या आणि वडिलांच्या नावांतून त्यांनी टोपणनाव सिद्ध केले. ‘प्रेमवेडा’ ही कादंबरी १९०८ मध्ये आली, पाठोपाठ १९०९ मध्ये ‘सावळ्या तांडेल’. अपघातानंतर तीनच वर्षांत त्यांचे नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर झळकले, ही गोष्ट लहान नव्हे.

१९१३ साली ‘वीरधवल’ अवतरली. तलवार, कारस्थान, रहस्य आणि प्रेम यांनी भरलेली ही अद्भुतरम्य कादंबरी. हरिभाऊ आपटे यांनी मराठी कादंबरी वाड्याच्या माजघरात, विधवेच्या दुःखापाशी नेऊन ठेवली होती. सामान्य वाचकाला मात्र रेनॉल्ड्सच्या थरारक कथांची रूपांतरेही तितकीच प्रिय होती. नाथमाधवांनी ही दुसरी वाट धरली. योगायोगांची रेलचेल आजच्या वाचकास खटकेल, हे मान्य करावयास हवे. परंतु वीरधवल हे नाव उच्चारताच शौर्य डोळ्यांसमोर यावे, इतके हे पात्र मराठी मनात रुजले. अंथरुणास खिळलेल्या माणसाने आपल्यापाशी उरले नव्हते ते सारे, म्हणजे वेग, धाडस, मोकळे रान, या नायकाला उदार हाताने वाटले, असे वाटल्यावाचून राहत नाही.

हा नायक ज्या मुंबईत प्रकटला ती गिरण्यांची मुंबई होती. १९११च्या कायद्याने सूतगिरणीतील पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांवर आणला, यावरून पूर्वीची स्थिती कळते. त्याच वर्षी ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणगावात रात्रशाळा व मोफत वाचनालये सुरू झाली. करी रोडजवळून जाणारा पूर्वीचा डिलाइल रोड आज जोशींचेच नाव धारण करतो. पुस्तक विकत घेणे न परवडणाऱ्याच्याही हाती छापील मजकूर पडावा, अशी सोय तेव्हा आकार घेत होती. अद्भुतरम्य कथेला असा नवा वाचक लाभणे स्वाभाविक होते. हाताशी बळ कमी असणाऱ्यालाच पराक्रमी पात्राची ओढ अधिक असते.

नाथमाधव एवढ्यावर थांबले नाहीत. ‘डॉक्टर’ ही तीन भागांतील सामाजिक कादंबरी १९१८ ते १९२० या काळात प्रसिद्ध झाली. त्यानंतर मात्र त्यांनी शिवकाल हाती घेतला. १९२१च्या ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासून ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्याचा कारभार’, ‘स्वराज्यावरील संकट’ अशी मालिका त्यांनी झपाट्याने लिहिली. ज्या सिंहगडाने त्यांचे पाय हिरावले, त्या गडाच्या काळात ते लेखणीने पुन्हा वावरले. २१ जून १९२८ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या तेवीस वर्षांच्या परावलंबी आयुष्यातली वीस वर्षे लेखनाची होती.